पोराचा डोळा बिघडला? रक्तही तपासून घ्या

पोराचा डोळा लाल झाला की आपण काय करतो? मेडिकलमधून थेंबांची बाटली आणतो. बहुतेक वेळा डोळे आलेले असतात नि आठवड्याभरात बरेही होतात. पण पोर पांढरेफटक पडलेय, ताप हटत नाही, मार न लागता अंगावर निळे-काळे डाग उठतात, हिरड्यांतून रक्त येते, पाय दुखतात म्हणून रडते आणि जोडीला डोळ्याची तक्रार आहे, तर थेंबांवर थांबू नका. हा रक्ताचा कर्करोग, म्हणजे ल्युकेमिया असू शकतो. लहान मुलांच्या कर्करोगांत हाच सर्वांत जास्त आढळतो.

या रोगात हाडांच्या मगजात बिघडलेल्या पेशी तणासारख्या माजतात. तांबड्या पेशी आणि रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट कमी पडतात. त्यामुळे डोळ्याच्या आतल्या पडद्यावर रक्तस्राव होतो. बाहेरून डोळा चांगला दिसतो, दुखतही नाही. पण नजर अंधुक होते. लेकरू ते सांगत नाही. वही डोळ्याशी धरते, चालताना ठेचकाळते. काहींचा डोळा पुढे येतो. रोगट पेशी डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूत शिरल्या, तर नजर कायमची जाऊ शकते. तिथे एकेक दिवस मोलाचा.

उपचार सुरू झाले म्हणून डोळ्यांकडे दुर्लक्ष नको. स्टेरॉइडने मोतीबिंदू होतो, डोळ्यातला दाब वाढतो. डोळ्याच्या आत औषध कमी पोचते, म्हणून बरा झालेला रोग कधी कधी तिथेच पुन्हा डोके काढतो.

मग करायचे काय? आधी डॉक्टरांकडून रक्ताची पूर्ण तपासणी करून घ्या. निदानाआधी कुणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइड देऊ नका. रोग झाकला जातो. ल्युकेमिया निघाला, तर बाहुली मोठी करून पडदा तपासायला सांगा. आपल्या जिल्ह्यात लोणीचे प्रवरा रुग्णालय आहे, मुंबईत परळला 1941 पासून टाटा रुग्णालय आहे. तिथल्या रुग्णांच्या मुक्कामाला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात.

सरपंच, ग्रामसेवक, अंगणवाडीताई, तुम्हीही लक्ष घाला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच राज्यातल्या पालघरहून सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा येते. त्या दिवशी वस्तीवरचे आणि ऊसतोडीला गेलेल्यांचे एकही पोर सुटू देऊ नका. वेळेवर पूर्ण उपचार मिळाले, तर यातली पुष्कळ मुले बरी होतात. बरी होताना त्यांची नजरही शाबूत राहिली पाहिजे.