इंजिनाचे डोलणे आणि मुळांचा मार्ग

चक्कीचे तेलाचे इंजिन कधी कधी अकारण डोलू लागते. घटकेत भरभर, घटकेत मंद. सीताबर्डीवर एका मिस्त्रीकडे असेच एक इंजिन मी पाहिले. म्हटले, "गव्हर्नर सुस्त झाला असेल, जरा तेज करा." मिस्त्री हसला. "तेज आहे म्हणूनच तर नाचतंय, प्रोफेसरसाहेब!"

त्याचेच बरोबर होते. गव्हर्नर वेग पाहून तेल कमीजास्त करतो, आणि बदललेला वेग फिरून त्याच्याकडेच येतो. असा हा फेरा आहे. मॅक्सवेलने १८६८ साली दाखवले की, असे यंत्र स्थिरावते की नाही हे एका समीकरणाच्या मुळांवर ठरते. सगळी मुळे उभ्या अक्षाच्या डावीकडे असली की डोलणे विरते. एखादे जरी उजवीकडे गेले तरी ते वाढत जाते.

पण गव्हर्नरचा जोर बदलला की समीकरणही बदलते. दर वेळी नवे सोडवायचे कोणी? १९४८ साली वॉल्टर इव्हान्स या अमेरिकन इंजिनिअरने युक्ती प्रसिद्ध केली. फेरा मनातल्या मनात एके ठिकाणी तोडा. आता चाक, गव्हर्नर, तेलाची झडप अशी नुसती ओळ उरली. प्रत्येकात काय घातले असता काय निघते, त्या गुणोत्तरांचा गुणाकार म्हणजे 'ओपन-लूप ट्रान्स्फर फंक्शन'. त्याच्या छेदाचे अवयव आयतेच हाती येतात.

समजा, अंश क, म्हणजे जोर, आणि छेद स(स+१)(स+२). फेरा पुन्हा जोडला की समीकरण होते:

स(स+१)(स+२)+क=०

क शून्य असता मुळे ०, −१, −२. मार्ग येथूनच निघतात. क वाढवा, ० आणि −१ वरची मुळे जवळ येतात, −०.४२ च्या आसपास भेटतात आणि तेथून एक वर, एक खाली फुटते. डोलणे सुरू झाले, पण अजून विरणारे. क=६ ला समीकरण (स+३)(सचा वर्ग+२)=० असे होते; दोन मुळे नेमकी उभ्या अक्षावर! आता डोलणे थांबतच नाही. क=१० ला ती पार उजवीकडे जातात.

शिक्षकबंधूंना एक सांगतो. मुले हटकून फेरा जोडल्यानंतरचे फंक्शन घेऊन मार्ग काढू लागतात. (मीही एकदा फळ्यावर तसे केले होते.) त्या फंक्शनच्या छेदाची मुळे ही एकाच क ची मुक्कामाची जागा झाली; निघण्याची जागा तुटलेल्या फेऱ्यातच सापडते. वर्गात क=१, ६, १० घेऊन तीन आकृत्या काढून घ्या.

मिस्त्रीने मात्र कागद न घेता गव्हर्नरचा जोर थोडा उतरवला. दोन-चार हेलकावे, आणि इंजिन एका लयीत चालू लागले.