समाधान थयुं छे, अहीं सही कर

गुजरातीत ‘समाधान’ म्हणजे तडजोड. मराठीत समाधान म्हणजे मन निवणं. रात्री अकराला सुरतेच्या एखाद्या पोलीस ठाण्यात समोर कागद सरकवला जातो, त्यावर ‘समाधान थयुं छे’ असं लिहिलेलं असतं. लिंबायतच्या मराठी कारागिराला वाटतं, साहेबांनी आपलं ऐकून घेतलं, आपलं समाधान झालं असंच लिहिलंय. तो सही करतो. कागदाचा खरा अर्थ असतो की समोरच्याशी मिटलं, आता काही तक्रार उरली नाही. या एका शब्दासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. जळगावहून निघणारी तापी लाईन त्यांना इथे घेऊन आली. या लाईनवरचं नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे. तिथल्या ज्या बाकावर बसून लोक फोटो काढतात, त्याचंही एक टोक या राज्यात नि दुसरं त्या राज्यात. महाराष्ट्रातल्या दुकानातून रीतसर घेतलेली दारूची बाटली बाकाच्या पलीकडच्या टोकाला गुन्हा ठरते, आणि दिवाळीत गावाहून परतणाऱ्या पोरांना ते उधन्याला उतरल्यावर कळतं. सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते. घरात अहिराणी, शाळेत मराठी, लूमवर गुजराती-हिंदी असं या माणसांचं बोलणं. गुजराती सगळ्यांना येतं, पण ते कानानं आलेलं. लिपीवरची शिरोरेषा गेली की बरीचशी अक्षरं ओळखीची वाटतात, काही मात्र भलतीच निघतात. कागद अर्धा कळतो. मला तर वाटतं, अजिबात न कळणाऱ्या कागदापेक्षा हा अर्धा कळणारा कागद जास्त घात करतो, कारण न कळणारा कागद माणूस निदान दुसऱ्याकडून वाचून घेतो.

पोलिसी गुजरातीत असे चकवे पुष्कळ आहेत. मराठीत धरपकड म्हटलं की दंगलीनंतर घाऊक पकडापकडी डोळ्यांसमोर येते. गुजराती कागदात एकट्यादुकट्याची साधी अटकही ‘धरपकड’च असते. ‘अटकायत’ हा शब्द वाचून घरचे घाबरतात, पण बऱ्याचदा त्याचा अर्थ ताब्यात घेणं, रोखून ठेवणं एवढाच असतो. आपण निवेदन देतो ते मंत्र्याला किंवा कलेक्टरला. तिथे ‘निवेदन’ म्हणजे जबाब. आणि सर्वांत महाग पडणारा घोळ ‘अरजी’चा. ठाण्यात तुमचा अर्ज घेतला, शिक्का मारून प्रत दिली, म्हणजे गुन्हा दाखल झाला असं होत नाही. ‘जाणवाजोग’ नोंद म्हणजे निव्वळ माहितीची नोंद. चोरीला गेलेल्या मोबाइलची अशी नोंद झाली तर चोराविरुद्ध गुन्हा नोंदलेलाच नसतो. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३मध्ये ललिताकुमारी खटल्यात सांगितलं आहे. एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हे कलम १७३ मध्ये आहे. ठाण्याची हद्द कोणती हा प्रश्नही आता नोंदणीच्या आड येऊ शकत नाही.

सहीबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. तपासात पोलिसांनी तुमचा जबाब लिहून घेतला, तर त्यावर तुमची सही घ्यायची नसते. कलम १८१ तसं स्पष्ट म्हणतं, आणि जुन्या संहितेतही हेच होतं. पोलिसांपुढे दिलेली गुन्ह्याची कबुलीही न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. इंग्रज सरकारनेच १८७२च्या पुरावा कायद्यात ही तरतूद केली होती. ठाण्यात कबुली कशी मिळते हे त्या सरकारलाही माहीत होतं. सही लागते ती फिर्यादीवर, पंच असाल तर पंचनाम्यावर, आणि अटक झालीच तर अटकेच्या पंचनाम्यावर. कोऱ्या कागदावर ती कधीच लागत नाही.

आता मूळ प्रश्न भाषेचा. राज्यघटनेचा अनुच्छेद २२ सांगतो की अटक केलेल्याला कारणं कळवलीच पाहिजेत. पण कळवायची कोणत्या भाषेत? हा वाद पहिल्यांदा गाजला तो नागपूरच्या एका स्थानबद्धाच्या बाबतीत. त्याला इंग्रजी येत नव्हतं, त्याने हिंदी प्रत मागितली. सरकारचं म्हणणं, इंग्रजी ही राज्यकारभाराची भाषा आहे आणि पोलीस अधिकाऱ्याने तोंडी भाषांतर करून सांगितलं आहे. १९६२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही आणि माणूस सुटला. पुढे १९८०मध्ये केवळ गुजराती जाणणाऱ्या एका स्थानबद्धाला इंग्रजी कागद दिला गेला, तेव्हाही ‘आम्ही गुजरातीत समजावून सांगितलं’ हे उत्तर कोर्टाला पुरलं नाही.

ते दोघे स्थानबद्ध होते. साध्या गुन्ह्यातल्या अटकेला हाच दंडक निःसंदिग्धपणे लावला तो सर्वोच्च न्यायालयाच्या ६ नोव्हेंबर २०२५च्या निकालाने, आणि तो मुंबईतल्या वरळीच्या अपघात प्रकरणातून आला. अटकेची कारणं लेखी द्यायची, अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत द्यायची. लगेच शक्य नसेल तर तोंडी सांगावं, पण रिमांडसाठी मॅजिस्ट्रेटपुढे उभं करण्याच्या किमान दोन तास आधी लेखी कागद त्याच्या हातात हवा. नाही तर अटकही बेकायदा आणि रिमांडही. सुरतेतल्या मराठी माणसासाठी इतका मोलाचा निकाल दुसरा नाही, आणि उधन्याच्या गल्ल्यांत तो अजून पोहोचलेला नाही याची मला खंत आहे.

अर्थात कागद हातात असला की सगळं निभावतं असंही नाही. याच सुरतेच्या वेसू पोलीस ठाण्यातली घटना. डिसेंबर २०२३मध्ये एका माणसाला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम अटकपूर्व जामीन दिला होता. तरीही पोलिसांनी रिमांड मागितला, मॅजिस्ट्रेटनी तो दिला, आणि देशातल्या सर्वांत मोठ्या कोर्टाचा आदेश पाठीशी असलेला माणूस कोठडीत गेला. तिथे मारहाण झाल्याचा आरोप त्याने केला. कॅमेऱ्याचं चित्रण मागितलं गेलं, तेव्हा नेमके त्या दिवसांत ठाण्यातले कॅमेरे बंद असल्याचं उत्तर मिळालं. ऑगस्ट २०२४मध्ये न्यायमूर्ती भूषण गवई आणि संदीप मेहता यांच्या पीठाने पोलीस निरीक्षक आणि मॅजिस्ट्रेट दोघांनाही अवमानाबद्दल दोषी धरलं. पुढे निरीक्षकाला २५ हजारांचा दंड झाला, मॅजिस्ट्रेटची बिनशर्त माफी स्वीकारली गेली. कॅमेऱ्यांबद्दल याच न्यायालयाचा डिसेंबर २०२०चा आदेश आहे. ठाण्याच्या दारापासून लॉकअपपर्यंत कॅमेरे हवेत, आणि चित्रण किमान एक वर्ष जपलं पाहिजे. म्हणून घरच्या माणसाने दुसऱ्याच दिवशी, तारीख-वेळ घालून, चित्रण राखून ठेवण्याचा अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

वेळ लिहून ठेवणं हे तर घरच्यांचं पहिलं काम. कोण आलं, वर्दीवरच्या पट्टीवर नाव काय होतं, किती वाजता नेलं. मॅजिस्ट्रेटपुढे उभं करण्यासाठीच्या चोवीस तासांचा हिशोब नेल्यापासून होतो, प्रवासाचा वेळ तेवढा वगळून. बाईला सूर्यास्तानंतर अटक करता येत नाही. अपवाद करायचा झाला तर महिला अधिकारी आणि तिने लेखी अहवाल देऊन आधी घेतलेली मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते. साक्षीसाठी बाईला किंवा साठीपुढच्या माणसाला ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनीच घरी यायचं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ची नोटीस आली असेल तर मात्र जाणं टाळू नये. नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला सहसा अटक करायची नसते, पळणाऱ्याला ते संरक्षण राहत नाही.

वकिलाला पैसे कुठून आणायचे, म्हणून पुष्कळजण ‘समाधान’ करून मोकळे होतात. १९८७च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२मध्ये फुकट वकिलाचा हक्क कोठडीतल्या माणसाला आहे, बायकांना आहे, अनुसूचित जाती-जमातींना आहे आणि औद्योगिक कामगारालाही आहे. लूमवाला, डाइंगवाला त्यात येतो, उत्पन्नाचा दाखला न देता. त्यासाठी १५१०० या क्रमांकावर फोन लावता येतो. मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं की ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार?’ असं विचारलं जातं, तेव्हा मान हलवून गप्प बसू नये. गुजराती नीट येत नसेल तर मराठीत बोलावं, दुभाष्या मागावा.

आणि ठाण्यात कागद पुढे आलाच, सही करायचा आग्रह झालाच, तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने, देवनागरीत, एवढं लिहावं: ‘मला गुजराती वाचता येत नाही. हा कागद मला मराठीत मिळालेला नाही.’ खाली तारीख, आणि घड्याळात पाहून वेळ.