पोट लहान केल्यावरचं गरोदरपण

या वेळचा विषय एका वाचक आजींनी दिला. त्यांची नात आणि नातजावई बहरीनमध्ये मआमीरला राहतात. देशाच्या पूर्व किनाऱ्यावरचं, सित्राच्या तेलशुद्धीकरण कारखान्याजवळचं हे गाव. नातीने दोन वर्षांपूर्वी वजन कमी करण्यासाठी पोटाचं ऑपरेशन करून घेतलं होतं. आता तिला चौथा महिना आहे. आजी बाळंतपणासाठी तिकडे जायच्या तयारीत आहेत आणि त्यांची तक्रार अशी : "बाई, पोरगी चार घास खाते आणि ताट सरकवते. पोटातल्या बाळाचं कसं व्हायचं?"

आखाती देशांत लठ्ठपणा फार. बहरीनमध्ये साधारण तीन प्रौढांमागे एक जण लठ्ठ आहे. त्यामुळे ही ऑपरेशनं तिकडे सर्रास होतात, आणि मुंबई-ठाण्यातही आता होतात. तेव्हा हा प्रश्न एकाच घरचा नाही.

आधी धीराची गोष्ट सांगते. ऑपरेशन झालेल्या पुष्कळ बायकांना निरोगी मुलं होतात. लठ्ठपणा तसाच राहिला असता तर गरोदरपणात मधुमेह आणि रक्तदाब होण्याची भीती जास्त होती, ती कमी होते. मात्र बाळ लहान राहण्याची शक्यता थोडी वाढते. म्हणून खाण्याकडे आणि गोळ्यांकडे डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं, आणि बाळाची वाढ सोनोग्राफीत पुन्हा पुन्हा तपासतात.

ऑपरेशनचे मुख्य प्रकार दोन. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे 80 टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी नळी उरते. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती आतड्याला पुढे जोडतात. अन्न आतड्याचा पहिला भाग चुकवून जातं, आणि लोह व कॅल्शियम मुख्यतः त्याच भागात शोषलं जातं. ब-12 शोषण्यासाठी जठरातून जो पदार्थ लागतो तोही दोन्ही प्रकारांत कमी पडतो. म्हणजे ताटात सगळं वाढलं तरी रक्तात सगळं पोचेलच असं नाही. मुलीचं कोणतं ऑपरेशन झालं हे घरातल्या मोठ्यांना माहीत असावं, आणि त्याचा कागद तिच्या बाळंतपणाच्या फाइलीत असावा.

ऑपरेशननंतर पहिलं वर्ष-दीड वर्ष वजन झपाट्याने उतरतं. तोवर दिवस राहू देऊ नयेत, 12 ते 18 महिने थांबावं, असं डॉक्टर सांगतात. वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि पूर्वी ज्यांना मूल होत नव्हतं त्यांनाही अचानक दिवस जातात. बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, हे पुष्कळ मुलींना कुणी सांगितलेलंच नसतं. लवकर दिवस राहिले तर घाबरू नये, तपासण्या जास्त करायच्या.

आता आजींच्या ताटाकडे येते. "आता दोन जिवांचं खा" हे आपल्या तोंडी बसलेलं वाक्य इथे चालत नाही. या पोटात एका वेळी वाटीभरच मावतं. आग्रह केला तर उलटी होते, आणि पोटात गेलेलंही बाहेर पडतं. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं द्यावं. आणि पहिला घास भाताचा नको, प्रथिनांचा हवा. दिवसाला निदान 60 ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात 6 ग्रॅम, वाटीभर शिजल्या डाळीत साधारण 7, आणि 100 ग्रॅम माशात 20 च्या आसपास. कोशेर मटण हाताशी नसलं तरी अडत नाही. पापलेट तिकडे मिळतं, त्याला झुबैदी म्हणतात. आपलं वालाचं बिरडं तर उत्तमच, फक्त मऊ शिजवावं. घट्ट दही चालतं. सुरमईसारख्या मोठ्या माशांत पारा साठतो, म्हणून गरोदरपणात ते टाळलेले बरे. रक्त वाढावं म्हणून आपण कलेजी खाऊ घालतो, ती मात्र या दिवसांत नको, कारण तिच्यात अ जीवनसत्त्व इतकं असतं की बाळाला बाधू शकतं. कॉडलिव्हर तेलही नको. अ जीवनसत्त्वाची गोळी घ्यायचीच तर ती बीटा कॅरोटिन प्रकारची असावी.

गोड जपून. शब्बाथच्या किद्दूशचं मनुकांचं सरबत एक घोट घ्यावं, ग्लास भरून नको. मलिदा चमचाभर. गोड पदार्थ एकदम आतड्यात उतरला की घाम फुटतो, छाती धडधडते, जुलाब होतात आणि मागाहून साखर खाली जाते. याच कारणाने गरोदरपणातल्या मधुमेहाची ग्लुकोज पिऊन करायची तपासणी या मुलींना सहसा देत नाहीत. त्याऐवजी 24 ते 28 आठवड्यांच्या दरम्यान आठवडाभर बोटाच्या थेंबातून साखर मोजतात. ग्लुकोजची बाटली हातात दिली तर "माझं पोटाचं ऑपरेशन झालंय" हे तिने आधी सांगावं.

पाणी जेवणाबरोबर नको, अर्धा तास मागेपुढे. बहरीनच्या उन्हाळ्यात पारा 40 च्या वर असतो आणि तिला घटाघटा पिता येत नाही, म्हणून दिवसभर घोट घोट प्यावं लागतं. बाटली सतत जवळ हवी. उन्हामुळे घरातच बसणं होतं, त्यामुळे ड जीवनसत्त्वही कमी पडतं.

गोळ्या जन्मभराच्या असतात, गरोदरपणात तर एकही चुकवायची नाही. फॉलिक ॲसिड, लोह, कॅल्शियम, ड, आणि ब-12 (याचं बहुधा तीन महिन्यांनी इंजेक्शन). डोस डॉक्टरच ठरवतील. आपण एवढंच पाहायचं की लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतलं जाऊ नये, दोहोंत दोन तासांचं अंतर हवं. आपल्या घरात दूध आणि मटण एकत्र येऊ देत नाहीत, तशीच ही दोन डबड्यांची शिस्त समजा. लोह लिंबूपाण्याबरोबर घ्यावं, चहाबरोबर नाही. कॅल्शियम सायट्रेट प्रकारचं असलं तर कमी आम्लाच्या पोटात चांगलं शोषलं जातं. दर तीन महिन्यांनी रक्ताची पूर्ण तपासणी व्हावी. नुसतं हिमोग्लोबिन पाहून भागत नाही.

दरफाळणीच्या उपासाबद्दल डॉक्टर आणि रब्बी दोघांनाही आधीच विचारून ठेवावं. जीव सांभाळणं आपल्या धर्मात आधी येतं.

एक गोष्ट मात्र प्रत्येक आजीने पाठ करावी. बायपास झालेल्या मुलीच्या शेवटच्या महिन्यांत गर्भाशय आतड्यांना वर ढकलतं, आणि आतड्याचा वेढा आतल्या आत अडकू शकतो. पोटाच्या वरच्या भागात जोराची कळ येते, जेवल्यावर वाढते, उलट्या होतात. "ॲसिडिटी असेल, बाळ लाथ मारत असेल" म्हणून ओवा चावायला देऊ नये. तडक हॉस्पिटल गाठावं. बहरीनमध्ये 999 फिरवावा. मनामातलं सलमानिया हे मोठं सरकारी हॉस्पिटल आहे. तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य ऑपरेशनचं हवं, कारण नुसतं पाहून ते कळत नाही आणि उशीर झाला तर आई-बाळ दोघांच्या जिवावर बेततं. तसंच उलट्या दिवसेंदिवस थांबल्या नाहीत तर ब-1 जीवनसत्त्व संपतं आणि त्याने मेंदूला इजा होते. अशा वेळी ग्लुकोजच्या सलाईनआधी ब-1 द्यायला हवं, हेही डॉक्टरांना विचारावं. दुखलं म्हणून आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नयेत.

बाळंतपणानंतर डिंकाचे लाडू डबाभर करू नका, अर्धा लाडू पुरे. अळीव चालतील, पण गूळ कमी. अंगावर पाजायला काहीच हरकत नाही. मात्र आईच्या रक्तात ब-12 कमी असेल तर दुधातही कमी उतरतं आणि बाळाची वाढ मंदावते, म्हणून तिचं इंजेक्शन बाळंतपणाच्या गडबडीत राहून जाऊ देऊ नका.