टाउपोवरची उडी

अकोल्याला परतल्यापासून मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, "पडताना श्वास घेता येतो का?" शेजारच्या काकूंपासून माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपर्यंत सगळे आधी हेच विचारतात. येतो. तोंडावर वाऱ्याचा मारा असतो, पहिल्या क्षणी माणूस आपसूक श्वास रोखून धरतो, एवढंच. त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न येतो: "अन् पॅराशूट उघडलंच नाही तं?" याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. लोक माझ्या धाडसाचं कौतुक करतात तेव्हा मला राहून राहून वाटतं की कौतुक चुकीच्या ठिकाणी चाललंय. टँडम उडीत प्रवाशाच्या वाट्याला धाडस थोडंच येतं. खरं काम करतं ते त्याच्या पाठीशी बांधलेल्या माणसाचं कसब, आणि त्या माणसाच्या पाठीवरच्या पिशवीत घडी करून ठेवलेलं शास्त्र. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. ती पिशवी आतून कशी असते हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

लेक-जावई न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनला असतात. तिथून दक्षिणेला दोनेक तासांच्या अंतरावर टाउपो नावाचा तलाव आहे. 616 चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या क्षेत्रफळाहून थोडा जास्तच. या तलावाच्या काठी टँडम उड्यांचा मोठा व्यवसाय चालतो. जगभरचे प्रवासी त्यासाठी येतात. लेकीने विचारलं आणि मी हो म्हटलं. फोनवर ताईला सांगितलं तर ती म्हणाली, "कायले जातं वं बाई इतक्या दूर जाऊन वरून पडाले?" आमचे हे मात्र शांतपणे म्हणाले, "आधी सगळं नीट विचारून घे, मग जा." विचारून घेणं हे तर माझं कामच.

जुन्या काळी ज्याला पॅराशूटने उडी मारायची असे त्याला आधी जमिनीवर प्रशिक्षण घेऊन एकट्यानेच विमानाबाहेर पडावं लागे. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला फ्लोरिडातल्या टेड स्ट्राँग आणि बिल बूथ यांनी दोन माणसांना पेलणारी पॅराशूट तयार केली आणि अनुभवी माणसाच्या छातीशी नवख्याला बांधून उडी मारायची पद्धत रुळवली. कल्पना सोपी वाटते. पण तिच्यात एक मोठी अडचण होती, आणि ती समजण्यासाठी नववी-दहावीचं विज्ञान पुरतं.

पावसाचा थेंब तीन किलोमीटर उंचीवरून पडतो असं धरू. हवेचा विरोध नसता तर तो जमिनीवर ताशी साडेआठशे किलोमीटरहून जास्त वेगाने आदळला असता आणि श्रावणात छत्री घेऊन बाहेर पडण्याची सोय राहिली नसती. वेग वाढतो तसा हवेचा विरोधही वाढतो. एका टप्प्यावर तो वजनाच्या बरोबरीला येतो आणि तिथून पुढे वेग वाढत नाही. हा झाला अंतिम वेग. पालथ्या पडणाऱ्या माणसाचा अंतिम वेग ताशी साधारण 200 किलोमीटर असतो. दोघांना एकत्र बांधलं की वजन दुप्पट होतं, पण एकाच्या वर एक असल्यामुळे हवेला अडवणारं क्षेत्र जवळपास तेवढंच राहतं. मग वेग जातो ताशी 280 ते 290 किलोमीटरवर. एवढ्या वेगात मोठं पॅराशूट उघडलं तर कापड आणि माणसं दोघांनाही जबर हिसका बसणार.

यावरचा उपाय म्हणजे ड्रोग. दीडेक मीटर व्यासाचं एक छोटं पॅराशूट. विमानातून बाहेर पडल्यावर काही सेकंदांतच इन्स्ट्रक्टर ते हाताने मागे सोडतो. ते पूर्ण वेळ मागे ओढत राहतं आणि दोघांचा वेग एकट्या माणसाइतका, म्हणजे 200च्या आसपास ठेवतं. पुढे पाच हजार फुटांच्या सुमाराला इन्स्ट्रक्टर हँडल ओढतो तेव्हा हेच ड्रोग मोठ्या पॅराशूटला पिशवीतून ओढून बाहेर काढतं. एकाच कापडाने दोन कामं. मोठं पॅराशूटही फाडकन उघडत नाही. त्याच्या दोऱ्यांवर स्लायडर नावाचा एक चौकोनी तुकडा असतो, चार कोपऱ्यांना चार कड्या आणि त्यांतून ओवलेल्या दोऱ्या. सुरुवातीला तो वर, पॅराशूटच्या अगदी तोंडाशी असतो आणि त्याला पूर्ण पसरू देत नाही. हवा भरत जाते तसा तो दोऱ्यांवरून खाली सरकतो आणि तीन-चार सेकंदांत पॅराशूट सावकाश मोकळं होतं.

आता उघडलंच नाही तर? किंवा उघडलं पण दोऱ्या पिळल्या गेल्या तर? त्याच पिशवीत वरच्या कप्प्यात राखीव पॅराशूट असतं, आणि ते भरण्याचं काम फक्त परवानाधारक माणूस करतो. पण आधी खराब पॅराशूट सोडून द्यावं लागतं, नाहीतर दोन्ही एकमेकांत अडकतील. इन्स्ट्रक्टरने मला त्याच्या खांद्यावरची तीन कड्यांची रचना हाताने उघडून दाखवली. मधली कडी मोठीतून जाते, धाकटी मधलीतून, आणि धाकटीला धरून ठेवते दोरीची एक बारीकशी फास. तरफेचं तत्त्व. एकेका कडीला ताण कमी होत जातो, त्यामुळे दोन माणसांचा भार शेवटी इतक्या बारीक दोरीवर निभतो, आणि एक हँडल ओढलं की सगळं एका क्षणात सुटतं. ही रचनाही बिल बूथचीच. मी ती पुन्हा एकदा दाखवायला सांगितली, आणि त्याने आनंदाने दाखवली.

आणि इन्स्ट्रक्टरच भोवळ येऊन पडला तर? त्यासाठी पिशवीत एक छोटं यंत्र असतं. जर्मनीच्या हेल्मुट क्लोथ यांनी तयार केलेलं सायप्रेस 1991 मध्ये बाजारात आलं, आणि त्यानंतर अशी यंत्रं जगभर रूढ झाली. ते हवेचा दाब मोजत राहतं, त्यावरून उंची आणि वेग ताडतं. टँडम जोडी 1900 फुटांच्या सुमारालाही पडण्याच्याच वेगात असेल तर ते राखीव पॅराशूट बंद ठेवणारी दोरी आपणहून कापतं. कुणी काही करायची गरज नाही. अमेरिकेतल्या संघटनेच्या नियमानुसार टँडम इन्स्ट्रक्टर होण्यासाठी किमान 500 उड्या आणि या खेळातली तीन वर्षं लागतात. हे सगळं ऐकल्यावर भीती गेली असं म्हणणार नाही. पण तिला धरायला काहीतरी मिळालं.

सकाळी ढग खाली होते म्हणून थांबवून ठेवलं. ढगांतून उडी मारत नाहीत, खालची जागा दिसली पाहिजे. दुपारी आभाळ मोकळं झालं. विमान हॅमिल्टनलाच तयार झालेल्या जातीचं, एका इंजिनाचं आणि आखूड धावपट्टीवरून सरळ वर चढणारं. आत बाकांवर एकामागे एक बसायचं, प्रत्येकाच्या मागे त्याचा इन्स्ट्रक्टर. वर चढताना त्याने माझे चार हुक, दोन खांद्यांचे आणि दोन कमरेचे, एकेक करून आवळले आणि प्रत्येक वेळी माझा हात त्यावर ठेवून दाखवला. दर हजार फुटाला तापमान सुमारे दोन अंशांनी उतरतं. बारा हजार फुटांवर दार सरकवलं तेव्हा बाहेर गोठणबिंदूच्या खालची थंडी होती. मे महिन्यात 46-47 अंशांत राहणाऱ्या अकोल्याच्या माणसाला ती हाडांत कळते.

इन्स्ट्रक्टर दाराच्या कडेला बसला, म्हणजे मी बाहेरच लटकत होते. पाय मागे विमानाच्या पोटाखाली, डोकं त्याच्या खांद्यावर, हात छातीशी. मग आम्ही गेलो.

जत्रेतल्या पाळण्यात पोटात येतो तो गोळा येईल असं मी धरून चालले होते. तसं जवळजवळ काहीच झालं नाही. विमान आधीच वेगात असतं, त्यामुळे बाहेर पडल्या क्षणापासून अंगाला वारा लागलेला असतो, आणि आधार एकदम निसटल्याची जाणीव पाळण्यात होते तशी होत नाही. दहा-बारा सेकंदांत अंतिम वेग आला आणि मग पडतोय असंही वाटेना. वाऱ्यावर पालथं पडून राहिल्यासारखं. आवाज मात्र प्रचंड. फळ्यावर कितीदा तरी काढलेले ते दोन बाण, खाली वजन आणि वर हवेचा विरोध, दोन्ही एकाच लांबीचे, ते त्या क्षणी माझ्या अंगावर होते.

पाऊण मिनिटात पॅराशूट उघडलं आणि आवाज थांबला. मग पाच-सहा मिनिटं तलाव बघायला मिळाला. दक्षिणेला रुआपेहू, 2797 मीटर उंच, डोक्यावर बर्फ. उत्तरेच्या बाजूने न्यूझीलंडमधली सर्वांत लांब नदी वायकाटो तलावातून निघते. टाउपो हे ज्वालामुखीचं खचलेलं मुख आहे. सुमारे साडेपंचवीस हजार वर्षांपूर्वीच्या प्रचंड उद्रेकाने ते बनलं, आणि शेवटचा मोठा उद्रेक अठराशे वर्षांपूर्वीचा. मला लोणार आठवलं. आपल्या शेजारच्या जिल्ह्यातलं ते विवर उलट दिशेने झालं, आकाशातून आलेल्या अशनीच्या आघाताने, थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या दगडात. व्यास साधारण 1.8 किलोमीटर. त्याचं गोलपण काठावरून जाणवतं, पण पूर्ण कळायचं तर वरूनच बघायला हवं. टाउपो तर इतका मोठा की काठावर उभं राहून त्याचा आकार उमगतच नाही.

जमिनीजवळ आल्यावर पाय सरळ पुढे उचलून धरायचे, बसत उतरायचं. हिरवळीवर घसरत थांबलो.

आपल्याकडे हा विषय निघाला की शीतल महाजन यांचं नाव घ्यायलाच हवं. पुण्याच्या या मुलीने 18 एप्रिल 2004 रोजी उत्तर ध्रुवावर उडी मारली, उणे 37 अंशांत, आणि ती तिच्या आयुष्यातली पहिलीच उडी होती. 2006 मध्ये अंटार्क्टिका. 2011 मध्ये पद्मश्री. 2018 मध्ये थायलंडमध्ये त्या नऊवारी नेसून विमानातून उतरल्या, आणि नोव्हेंबर 2023 मध्ये एव्हरेस्टसमोर 21,500 फुटांवरून हेलिकॉप्टरमधून. धाडस म्हणतात ते हे. शाळेतल्या मुलींना मी माझ्या उडीआधी त्यांची गोष्ट सांगते.

प्रवाशासाठी आता परदेशच गाठायला हवं असंही नाही. केंद्र सरकारने 2022 मध्ये हवाई खेळांचं राष्ट्रीय धोरण जाहीर केलं, त्यात स्कायडायव्हिंग आहे. हरियाणात नारनौलला टँडम उड्या चालतात. 13 जुलै 2024ला केंद्रीय पर्यटनमंत्री गजेंद्रसिंह शेखावत यांनीही तिथेच उडी मारली. कुठेही गेलात तरी इन्स्ट्रक्टरचा परवाना, त्याच्या उड्यांची संख्या, राखीव पॅराशूट शेवटचं कधी भरलं आणि स्वयंचलित यंत्र आहे का, हे विचारा. विचारल्याचा राग येणाऱ्या माणसाच्या छातीशी स्वतःला बांधून घेऊ नका. वजनाची मर्यादा बहुतेक ठिकाणी शंभर किलोच्या आसपास असते. रक्तदाब, पाठीचं दुखणं असेल तर डॉक्टरांचा सल्ला आधी घ्या, आणि सर्दी असेल तर उडी पुढे ढकला, कारण उतरताना कान फार दुखतात.

आपली शिवणीची धावपट्टी 1943ची. तिचा विस्तार होऊन मोठी विमानं कधी येणार, ही चर्चा अकोल्यात वर्षानुवर्षं चालू आहे. अमरावतीला एप्रिल 2025 मध्ये बेलोऱ्याहून मुंबईची विमानसेवा सुरू झाली, तेव्हापासून ती जास्तच रंगते. पण उड्यांच्या विमानाला एवढ्या लांबीची गरजच नाही. डिसेंबर-जानेवारीत वऱ्हाडातलं आभाळ दिवसचे दिवस निरभ्र असतं, खाली कापूस वेचून मोकळी झालेली सपाट शेतं असतात. रीतसर परवानग्या घेऊन, जाणती संस्था बोलावून आठवडाभराचं शिबिर शिवणीत भरवलं, तर जिल्ह्यातल्या शाळांनी आपली मुलं बघायला जरूर न्यावीत. तीन कड्यांची ती रचना तेवढी प्रत्येकाला हातात घेऊन बघू द्यावी.