उपचाराच्या वाटेवरील सोबत

१९५९ साली भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे तेथे येऊन स्थायिक झाली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. रिसाली ही त्याच नगरीतील एक वस्ती. अशा ठिकाणी घर मिळते, शेजार मिळतो. परंतु आई, बहीण, जाऊ ही माणसे बहुधा दूर गावी राहिलेली असतात. संसार सुरळीत चालतो तोवर ही उणीव फारशी जाणवत नाही. पण घरातील स्त्रीच्या स्तनात गाठ आढळते, ती कर्करोगाची ठरते, आणि मग औषधाइतकाच माणसांचा प्रश्न मोठा होऊन बसतो.

कारण हा उपचार एका शस्त्रक्रियेने क्वचितच संपतो. शिरेतून द्यावयाची औषधे, म्हणजे केमोथेरपी, बहुधा तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने काही महिने चालते. किरणोपचारासाठी आठवड्यातील पाच दिवस, असे काही आठवडे रुग्णालयात जावे लागते. कित्येकींना त्यानंतर पाच ते दहा वर्षे गोळ्या घ्याव्या लागतात. केस गळतात, तोंड येते, फोडणीचा वासही नकोसा होतो. केस पुढे पुन्हा येतात, हे आधीच सांगितले असेल तर आरशापुढील पहिला दिवस थोडा सुसह्य होतो. ताप मात्र कधीही अंगावर काढू नये. औषधांमुळे रक्तातील पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात, म्हणून १००.४ अंश फॅरनहाइट ताप दिसताच, मध्यरात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. काखेतील ग्रंथी काढल्या असतील तर हाताला सूज येऊ शकते. भिंतीवरून बोटे हळूहळू वर सरकविण्यासारखे जे व्यायाम शिकविले जातात ते नित्य करावेत आणि सूज दिसताच डॉक्टरांना सांगावे.

एवढे सारे एकटीने निभावणे कठीण. पती रात्रपाळीला, मुलांची परीक्षा तोंडावर. अशा वेळी 'काळजी करू नका' या शब्दांपेक्षा 'मंगळवारचा डबा आमच्याकडून' हे शब्द अधिक उपयोगी पडतात. एकाने कागदपत्रांची फाइल सांभाळावी, एकीने मुलांकडे पाहावे, एकाने रुग्णालयात सोबत जावे. आणि रुग्ण स्त्रीने मदत मागताना संकोच करू नये. अडचण बोलून दाखविली नाही, तर घरच्या ओढाताणीपायी उपचार अर्धवट सुटण्याचा धोका असतो.

पूर्वीपासून अनेकांची वाट मुंबईकडे वळत आली आहे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. दुर्गहून तेथवरचा प्रवास सुमारे अकराशे किलोमीटरचा. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोगग्रस्तास व त्याच्या एका सोबत्यास रेल्वे भाड्यात सवलत देते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा दूरगावच्या रुग्णांना व त्यांच्या माणसांना आसरा देते. आता रायपूर परिसरातही कर्करोगावर उपचार होतात. म्हणून मुंबईचे तिकीट काढण्यापूर्वी जवळची सोय अवश्य पाहावी. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत आपले कुटुंब बसते का, हेही उपचारापूर्वीच विचारून घ्यावे.

तथापि आणखी एक सोबत अशी आहे, जी डॉक्टर किंवा नातलग देऊ शकत नाहीत. अमेरिकेत टेरेस लॅसर या बाईंनी स्वतःच्या शस्त्रक्रियेनंतर १९५२ साली इतर रुग्ण स्त्रियांना भेटण्याचा उपक्रम आरंभिला. मुंबईत १९९४ साली स्थापन झालेल्या व्ही केअर संस्थेतही रोगातून बाहेर आलेल्या व्यक्ती नव्या रुग्णांना धीर देतात. ब्लाउजच्या आत काय घालावे, नवऱ्याशी कसे बोलावे, मुलीला किती सांगावे, हे प्रश्न स्त्री तज्ज्ञांपुढे काढीत नाही. जिने ते सोसले तिच्यापुढे काढते.

रिसालीसारख्या वस्तीत अशी संस्था नसली तरी अशी स्त्री असू शकते. उपचार पुरा करून ती परतलेली असते, आणि बहुधा आपला आजार लपवून असते. तिने शेजारच्या घरी जाऊन घटकाभर बसावे. तिच्या डोक्यावर पुन्हा आलेले केस पाहूनच त्या घरातील भीती निम्मी ओसरेल.