प्राप्तिकर आणि उमेदवारांचे मौन

फेब्रुवारी उजाडला की कामठीतील शाळांच्या शिक्षकखोल्यांत आणि कचेऱ्यांच्या लेखाशाखांत एकच चर्चा रंगते. यंदा वेतनातून कर किती कापला जाणार, आणि जुन्या पद्धतीत राहावे की नव्या पद्धतीत जावे? आयुर्विम्याच्या पावत्या, भविष्य निर्वाह निधीचा उतारा, घरकर्जाच्या व्याजाचा दाखला यांची जुळवाजुळव करणारा हा वर्ग मतदार म्हणूनही जागरूक समजला जातो. वर्तमानपत्र तो रोज वाचतो, अर्थसंकल्पाचे भाषण लक्षपूर्वक ऐकतो. तरीही २०२४ साली सात महिन्यांच्या अंतराने लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका त्याच्या दारावरून गेल्या, आणि प्राप्तिकर हा त्यांपैकी एकाही निवडणुकीत प्रचाराचा विषय झाला नाही.

विधानसभेपुरते हे क्षम्य मानता येईल. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीने शेतीखेरीज अन्य उत्पन्नावरील कर केंद्राच्या हाती दिला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये कामठीत लढलेले श्री. चंद्रशेखर बावनकुळे आणि श्री. सुरेश भोयर यांना प्राप्तिकराचा दर विचारणे म्हणजे तलाठ्याला रेल्वेचे वेळापत्रक विचारण्यासारखे झाले असते. लोकसभेची गोष्ट निराळी. कामठी रामटेक मतदारसंघात मोडते आणि तेथून दिल्लीला जाणाऱ्या सदस्यासमोर दरवर्षी वित्त विधेयक येतेच. पण एप्रिल २०२४ मध्ये रामटेकात कशाची चर्चा झाली? श्रीमती रश्मी बर्वे यांचा अर्ज जात वैधता प्रमाणपत्राच्या वादात बाद झाला आणि त्यांचे पती श्री. श्यामकुमार बर्वे काँग्रेसचे उमेदवार झाले. त्यांच्यासमोर उभे असलेले श्री. राजू पारवे काँग्रेसमधूनच शिवसेनेत आले होते. प्रमाणपत्र आणि पक्षांतर या दोन विषयांनी प्रचाराचे आठवडे खाल्ले. मतदान १९ एप्रिलला झाले, बर्वे निवडून आले, आणि कराचा प्रश्न होता तेथेच राहिला.

उमेदवार बोलत नाहीत तेव्हा मतदाराने पक्षांचे जाहीरनामे पाहावेत, असे सांगितले जाते. तेही पाहू. काँग्रेसचा जाहीरनामा ५ एप्रिलला आला. प्रत्यक्ष करांची नवी संहिता आणू व व्यक्तिगत प्राप्तिकराचे दर पाच वर्षे स्थिर ठेवू, असे वचन त्यात होते. भारतीय जनता पक्षाचे संकल्पपत्र १४ एप्रिलला, म्हणजे रामटेकच्या मतदानाला अवघे पाच दिवस उरले असताना प्रसिद्ध झाले. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने धनाढ्यांवर संपत्तीकर आणि वारसाकर बसविण्याची स्पष्ट मागणी केली. वारसाकरावर देशभर गदारोळ उठला तो मात्र श्री. सॅम पित्रोदा यांच्या उद्गारांमुळे, आणि तोही २४ एप्रिलला. तोवर कामठीकरांच्या बोटावरची शाई पुसट होऊ लागली होती.

खरी गंमत पुढेच आहे. १ फेब्रुवारी २०२५ रोजी अर्थमंत्री श्रीमती निर्मला सीतारामन यांनी नव्या पद्धतीत वार्षिक १२ लाखांपर्यंतचे उत्पन्न व्यवहारतः करमुक्त केले. पगारदारांना ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरून ही मर्यादा पावणेतेरा लाखांवर जाते. शिक्षक-कारकुनांच्या घरात गेल्या अनेक वर्षांत आलेली ही सर्वांत मोठी सवलत. पण दहा महिन्यांपूर्वीच्या संकल्पपत्रात १२ लाखांच्या मर्यादेचा उल्लेख नव्हता, आणि प्रतिपक्षाचे वचन तर दर होते तसेच ठेवण्याचे होते. मतदाराने दोन्ही कागद शेजारी ठेवून कसोशीने तुलना केली असती, तरी त्याला यातले काहीच कळले नसते.

उलट, जे सांगितले गेले त्याचा अर्थही पुढे बदलला. २०१९ च्या संकल्पपत्रात भारतीय जनता पक्षाने कराचे टप्पे सुधारण्याचे आश्वासन दिले होते. २०२० मध्ये ते पाळलेही गेले. पण कमी दरांची जी नवी पद्धत आली, तिच्यात आयुर्विमा, भविष्य निर्वाह निधी, घरकर्ज यांच्यावरील ओळखीच्या वजावटी सोडून द्याव्या लागत होत्या. जुनी पद्धत रद्द झाली नाही, परंतु तिची २०१४ साली ठरलेली अडीच लाखांची करमुक्त मर्यादा आणि बचतीवरील दीड लाखाची वजावट २०२५ च्या अर्थसंकल्पापर्यंत जागची हलली नाही. महागाई मात्र हलत राहिली. दोन पिढ्यांच्या पगारदारांना मार्च महिन्यात बचत करण्याची जी सवय करसवलतीने लावली, ती सवय मोडावी की राखावी, हा धोरणाचा मोठा प्रश्न होता. तो कोणत्याही सभेत मतदारासमोर मांडला गेला नाही.

हे मौन आजचे नव्हे. मार्च १९७१ ची निवडणूक 'गरिबी हटाओ' या घोषणेवर लढली गेली. त्या वर्षी सर्वोच्च उत्पन्नावरील कराचा दर अधिभारासह ९७.७५ टक्क्यांवर पोहोचला. रुपयातले सव्वादोन पैसे हाती ठेवणारा हा आकडा घोषणेत कोठे होता? अशा दरांमुळे करचुकवेगिरी वाढते, असा निष्कर्ष वांछू समितीने काढला आणि अर्थमंत्री यशवंतराव चव्हाण यांनीच १९७४ साली तो दर ७७ टक्क्यांवर आणला. डिसेंबर १९८४ मध्ये रामटेकने श्री. पी. व्ही. नरसिंह राव यांना निवडून दिले. ती निवडणूक इंदिरा गांधींच्या हत्येच्या छायेत झाली. दुसरे काही बोलण्यास वावच नव्हता. तीन महिन्यांत श्री. विश्वनाथ प्रताप सिंह यांनी सर्वोच्च दर सुमारे ६२ वरून ५० टक्क्यांवर आणला आणि मृत्यूनंतरच्या मालमत्तेवरील करही मोडीत काढला. त्याच लोकसभेने १९८५ साली पक्षांतरबंदीचा कायदा केला. तेव्हापासून पक्षादेश मोडून वित्त विधेयकाविरुद्ध मत देणाऱ्या सदस्याचे सदस्यत्वच धोक्यात येते. उमेदवाराला स्वतःचे करविषयक मत असून उपयोग काय, असा प्रश्न त्यामुळे पडतो, आणि तो निरर्थक नाही.

मौनाचे आणखी एक कारण आहे व ते उघडपणे मान्य केले पाहिजे. प्राप्तिकर भरणारे संख्येने थोडे. छावणीच्या या गावात बिडी वळणाऱ्या हातांना प्राप्तिकराची नोटीस कधी येत नाही. त्यांचा संबंध येतो तो वस्तू व सेवा कराशी, आणि २०१७ मध्ये तो बिडीवर २८ टक्के बसविला गेला. दादासाहेब कुंभारे यांच्या संघटनेतून उभा राहिलेला हा कामगार आणि कामठीचा शिक्षक यांचे करविषयक हित एकच आहे, असे कोणी म्हणू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली मुंबई कायदे कौन्सिलात अर्थसंकल्पावर बोलताना नेमक्या याच भेदावर बोट ठेवले होते. प्राप्तिकर उत्पन्न असणाऱ्यालाच द्यावा लागतो, शेतसारा मात्र उत्पन्न असो वा नसो प्रत्येक शेतकऱ्याला भरावा लागतो, हा अन्याय त्यांनी दाखवून दिला. कोणाकडून घ्यावे आणि कोणाला सोडावे, या प्रश्नावर लोकप्रतिनिधीने कसे बोलावे, याचा तो वस्तुपाठ आहे.

राज्याच्या निवडणुकीतही कर मागच्या दाराने येतोच. लाडकी बहीण योजनेचा हप्ता दीड हजारांवरून २१०० करू असे महायुतीने आणि तीन हजार देऊ असे महाविकास आघाडीने २०२४ मध्ये सांगितले. परंतु योजनेच्या अटींनुसार ज्या कुटुंबात प्राप्तिकर भरणारा सदस्य आहे, त्या कुटुंबातील स्त्री अपात्र ठरते. शेतकरी सन्मान निधीलाही तीच अट आहे; गावाकडे दोन एकर असलेल्या करदात्या शिक्षकाला तो मिळत नाही. शिवाय व्यवसाय कर आहेच. तो राज्याचाच, आणि त्याची वार्षिक २५०० रुपयांची कमाल मर्यादा १९८८ च्या घटनादुरुस्तीने ठरविलेली. बावनकुळे-भोयर यांना याविषयी विचारणे अप्रस्तुत ठरले नसते.

विचारले की उत्तर मिळते, याचीही उदाहरणे आहेत. एप्रिल २०१९ मध्ये गरीब कुटुंबांना वर्षाला ७२ हजार रुपये देण्याच्या काँग्रेसच्या योजनेचा पैसा कोठून येणार, हा प्रश्न गाजत होता, तेव्हा श्री. राहुल गांधी यांना पुण्यात विद्यार्थ्यांसमोर प्राप्तिकर वाढविणार नाही, असे स्पष्ट सांगावे लागले. जानेवारी २०२३ मध्ये नागपूर विभाग शिक्षक मतदारसंघाची निवडणूक झाली. जुन्या निवृत्तिवेतनाबाबत कोण काय म्हणतो, हे शिक्षकांनी पारखून घेतले आणि श्री. सुधाकर अडबाले निवडून आले. त्या प्रश्नावर एकाही उमेदवाराला गप्प बसणे परवडण्यासारखे नव्हते.

प्राप्तिकराचे अधिकारी घडविणारी राष्ट्रीय प्रबोधिनी नागपुरातच आहे, कामठीपासून फार दूर नाही. तेथे कायद्याचे प्रत्येक कलम शिकविले जाते. इकडे मतदाराच्या हाती पडते ते उमेदवाराचे नमुना २६ मधील शपथपत्र. २०१८ पासून त्यात उमेदवाराने स्वतःच्या व जोडीदाराच्या विवरणपत्रांतील गेल्या पाच वर्षांचे उत्पन्न लिहावे लागते. करमुक्त मर्यादा महागाईशी जोडावी काय, बचतीची वजावट राखावी काय, मोठ्या शेती-उत्पन्नाला सूट असावी काय, असे तीन प्रश्न त्याच कागदाखाली लिहून सभेत पुढे करण्यास कोणताही नियम आड येत नाही.