न दुखणारी काळपुळी

पुळी ठसठसायला लागली की आपण डॉक्टरांकडे जातो. दुखत नसेल तर चार दिवस वाट पाहतो. घरातली वडीलधारी माणसेही हेच सांगतात. आपल्याकडच्या घरात तर हा सल्ला दोन्ही भाषा मिसळून येतो, ‘नोविल्लवा? मग राहू दे, बसेल आपोआप.’ बहुतेक वेळा तो बरोबरही ठरतो. पण एक आजार असा आहे, ज्यात पुळी न दुखणे हीच मोठी खूण असते. तो आजार म्हणजे त्वचेचा अँथ्रॅक्स.

गुरे पाळणाऱ्यांना हा रोग नवा नाही. मराठीत त्याला फाशी किंवा काळपुळी म्हणतात, कन्नडमध्ये नेरडी रोग. अँथ्रॅक्स हा मूळ ग्रीक शब्द, त्याचा अर्थ कोळसा, म्हणजे आपला इद्दिलु. माणसाच्या कातडीवर या रोगाची जी खपली धरते ती कोळशासारखी काळी असते, त्यावरून हे नाव पडले.

काळपुळी या शब्दाने मात्र थोडा घोटाळा होतो. मधुमेही माणसाच्या मानेवर किंवा पाठीवर अनेक तोंडांचे मोठे गळू होते, त्यालाही आपण काळपुळीच म्हणतो. ते वेगळ्या जंतूंमुळे होते. त्यात पू असतो आणि ठणका असह्य असतो. अँथ्रॅक्सच्या पुळीत सहसा पू नसतो आणि दुखणेही जवळजवळ नसते. नाव एक, आजार दोन. म्हणून फरक घरातल्या सर्वांना ठाऊक असावा.

कोळ्याचा चावा समजले

२००१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत कुणीतरी टपालाच्या पाकिटांतून अँथ्रॅक्सची पूड पाठवली. एकूण २२ जणांना लागण झाली. त्यांतल्या ११ जणांना फुप्फुसाचा आजार झाला आणि ११ जणांना त्वचेचा. पाच जण दगावले, ते सर्व फुप्फुसाचे रुग्ण होते.

त्वचेच्या रुग्णांमध्ये न्यूयॉर्कचे सात महिन्यांचे एक बाळ होते. बाळाला आई काम करत असलेल्या एका वृत्तवाहिनीच्या कार्यालयात थोडा वेळ नेले होते. त्यानंतर त्याच्या दंडावर लाल चट्टा उठला, हात सुजला. डॉक्टरांना आधी तो विषारी कोळ्याचा चावा वाटला. चट्ट्यावर काळी खपली धरली. पुढे बाळाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू लागल्या आणि मूत्रपिंडांवर परिणाम झाला. शहरात अँथ्रॅक्सचा रुग्ण सापडल्याची बातमी आल्यावर बाळाच्या कातडीचा तुकडा तपासला आणि खरे कारण कळले. सुरुवातीला घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यातही जंतूची खूण मिळाली. म्हणजे दंडावरच्या चट्ट्याचा आजार रक्तापर्यंत गेला होता. योग्य औषधे मिळाली आणि बाळ बरे झाले.

दंडावरचा चट्टा रक्तापर्यंत कसा पोचला, हे समजून घेण्यासारखे आहे.

बी रुजते तसे

या रोगाचा जंतू आहे बॅसिलस अँथ्रॅसिस. जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉख यांनी १८७६ मध्ये त्याचे जीवनचक्र उलगडून दाखवले. प्रतिकूल काळात हा जंतू स्वतःभोवती जाड कवच करतो. त्याला बीजाणू म्हणतात. बीजाणू मातीत कित्येक दशके टिकतो. स्कॉटलंडजवळच्या ग्रुइनार्ड बेटावर १९४२ मध्ये या जंतूच्या चाचण्या झाल्या. ते बेट सुरक्षित आहे असे जाहीर करायला १९९० साल उजाडले, तेही १९८६ मध्ये तिथली जमीन औषधाने धुऊन काढल्यानंतर.

धड कातडीतून बीजाणू सहसा आत जात नाही. त्याला लहानशी फट लागते. विळ्याचा काप, काट्याचा ओरखडा, खाजवून सोललेली जागा. म्हणून हा आजार बहुधा हात, मनगट, मान आणि चेहरा या उघड्या भागांवर दिसतो. उबदार ओल्या पेशींत बीजाणू रुजतो, कवच फोडून जंतू बाहेर येतो आणि वाढू लागतो. याला साधारण एक ते सात दिवस लागतात, कधी थोडे जास्त.

आधी डास चावल्यासारखी खाजरी पुळी येते. एक-दोन दिवसांत तिथे पाण्याचा फोड होतो, आजूबाजूला बारीक फोड उठतात. फोड फुटून व्रण होतो आणि मधोमध काळी खपली धरते. भोवतीची सूज, म्हणजे बावु, पुळीच्या मानाने फारच मोठी असते.

कातडीतून रक्तात

या जंतूकडे दोन हत्यारे असतात. पहिले म्हणजे त्याच्यावरचे निसरडे आवरण. त्यामुळे शरीराच्या पांढऱ्या पेशींना त्याला गिळणे जड जाते. दुसरे म्हणजे त्याचे विष. या विषाचे तीन भाग असतात. एक भाग पेशीला चिकटून आत जायची वाट करून देतो. त्या वाटेने शिरलेला दुसरा भाग पेशींत पाणी साठवून सूज आणतो. तिसरा भाग बचाव करणाऱ्या पेशींना निकामी करतो.

आपल्या कातडीखाली रक्तवाहिन्यांप्रमाणे लसीकेच्याही बारीक वाहिन्या असतात. जंतू आणि बीजाणू या वाटेने, काही वेळा पांढऱ्या पेशींच्याच आत बसून, जवळच्या लसीकाग्रंथीत पोचतात. हाताला पुळी असेल तर काखेत अवधाण येते, चेहऱ्याला असेल तर जबड्याखाली. ग्रंथी म्हणजे गावच्या वेशीवरचे नाके. बहुसंख्य रुग्णांत जंतू इथेच अडतो. नाके कोसळले तर तो लसीकेतून रक्तात उतरतो आणि प्लीहा, फुप्फुसे, कधी मेंदूच्या आवरणापर्यंत जातो. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत प्रकाश देणारे जंतू वापरून उंदरांवर प्रयोग झाले. त्यांतही कातडी, मग ग्रंथी, मग प्लीहा आणि इतर अवयव असाच प्रवास दिसला.

रक्तात जंतू वाढले की ताप चढतो, थंडी वाजते, रक्तदाब घसरतो. चेहऱ्यावर किंवा मानेवर पुळी असेल तर सूज श्वासनलिका दाबू शकते. उपचार न झालेल्या शंभर रुग्णांपैकी दहा ते वीस दगावतात. वेळेवर प्रतिजैविके मिळाली तर हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली येते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. औषध सुरू झाल्यावर जंतू लवकर मरतात, पण आधीच पसरलेल्या विषाचे काम थांबत नाही. त्यामुळे खपली पुढेही काळी होतेच. ‘औषध लागू पडत नाही’ असे समजून गोळ्या मध्येच सोडू नयेत. पुळी फोडणे, कापणे, डाग देणे किंवा तिच्यावर गूळ-चुना बांधणे हेही टाळावे.

गोठ्यापासून घरापर्यंत

भारतात कर्नाटक, आंध्र प्रदेश, तमिळनाडू, ओडिशा, पश्चिम बंगाल या राज्यांत जनावरांचा हा रोग अधूनमधून डोके वर काढतो. ओडिशातल्या कोरापुट जिल्ह्यात मेलेली गुरे सोलणाऱ्या आणि त्यांचे मांस हाताळणाऱ्या माणसांत त्वचेचा अँथ्रॅक्स वारंवार आढळला आहे. काल चरणारे जनावर आज अचानक मरते, नाका-तोंडातून आणि गुदद्वारातून काळपट रक्त येते, ते गोठत नाही, पोट लगेच फुगते. अशा वेळी जनावराला सुरी लावू नये. न फोडलेल्या शरीरात जंतू कुजून मरतात. फाडले की रक्ताला हवा लागते आणि त्याच जंतूंचे बीजाणू बनून जमिनीत मुरतात. ‘नीट शिजवले की चालते’ हा समजही धोक्याचा आहे. साध्या शिजवण्याने बीजाणू मरतीलच असे नाही, शिवाय कापणाऱ्याच्या हाताला लागण आधीच होऊ शकते. पशुवैद्यकांना बोलवावे आणि त्यांच्या देखरेखीखाली जनावर जाळावे किंवा खोल पुरावे.

कच्ची कातडी, केस आणि लोकर यांतूनही रोग घरात येतो. पहिल्या महायुद्धात घोड्याच्या केसांच्या दाढीच्या ब्रशांमुळे सैनिकांच्या चेहऱ्यांवर अशा पुळ्या आल्या होत्या. अमेरिकेत २००७ मध्ये आफ्रिकेतून आलेल्या बकऱ्यांच्या कातड्यांचे ढोल बनवणाऱ्या एका कारागिराला लागण झाली, आणि त्याच्याच घरातल्या मुलालाही. कारागिराने काम घराबाहेर केले तरी कपड्यांवरून धूळ आत येते. म्हणून आपल्या भागात हलगी मढवणारे, लोकर कातरणारे, घोंगडी म्हणजे कंबळी विणणारे यांनी अचानक मेलेल्या जनावराचे कातडे किंवा लोकर मुळीच घेऊ नये. एरवी घरातल्या घोंगडीला भिण्याचे कारण नाही.

जनावरांसाठी लस आहे. पुण्याच्या पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्थेत आणि बेंगळुरूच्या हेब्बाळ येथील पशु आरोग्य संस्थेत ती तयार होते. जिथे रोग येऊन गेला आहे तिथे दरवर्षी टोचून घ्यावी.

डॉक्टरांना पहिले वाक्य

त्वचेचा अँथ्रॅक्स माणसाकडून माणसाला क्वचितच होतो. त्यामुळे रुग्णाला वेगळे टाकू नये, फक्त जखम झाकावी आणि तिला उघडा हात लावू नये.

सगळ्यात मोठी अडचण ओळखण्याची असते. शहरातल्या कित्येक डॉक्टरांनी असा रुग्ण पाहिलेलाही नसतो. म्हणून दवाखान्यात गेल्यावर पहिले वाक्य जनावराबद्दल सांगावे, ‘आमचे गुरू अचानक मेले, मी त्याला हात लावला होता,’ किंवा ‘घरात कच्चे कातडे आले होते.’ मराठीत सांगा की कन्नडमध्ये, पण सांगाच. शक्य असेल तर औषध सुरू होण्यापूर्वी जखमेचा नमुना घ्यायला सांगावे. रोग तेवढ्या एका वाक्यावर ओळखला जाऊ शकतो.

घरात कुणाला बारीक पुळीभोवती मोठी सूज दिसली, मधोमध काळी खपली असली आणि विचारल्यावर उत्तर ‘नोविल्ल’ असे आले, तर वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.